कथात्म साहित्यातील पात्राचा आवाज : लिपी, बोली आणि निवेदन

‘पात्राचा आवाज’ ही संज्ञा समीक्षेत दोन अर्थांनी वापरली जाते. पहिला अर्थ प्रत्यक्ष ध्वनीचा, म्हणजे आवाजाची पट्टी, गती व पोत यांचा. दुसरा अर्थ बोलण्याच्या घडणीचा, म्हणजे शब्दनिवड, वाक्यरचना व हेल यांचा. पहिल्या अर्थासाठी मराठीत विशेषणांची वाण नाही : घोगरा, किनरा, चिरका, भसाडा, खणखणीत, कापरा, दबका. परंतु विशेषण आवाजाची केवळ माहिती देते. चार संवादांनंतर ते वाचकाच्या कानात उरत नाही. उरते ती घडण. म्हणून आवाजाचे वर्णन आणि आवाजाची निर्मिती यांत भेद करणे अगत्याचे ठरते.

या निर्मितीच्या आड पहिली अडचण लिपीची येते. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार या गावाचेच नाव घ्यावे. त्यातील दोन्ही ‘ज’ मराठीत दंततालव्य उच्चारले जातात. ‘जीव’ या शब्दातील ‘ज’ मात्र तालव्य आहे. देवनागरी हा भेद दाखवीत नाही. तो वाचकाच्या कानावर सोपविलेला असतो. बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो तेव्हा गुंता वाढतो. ‘चार जण’ हे शब्द पात्राच्या तोंडी ‘चार जन’ असे छापले, की ‘न’ दिसतो. पण ‘ज’चा मूळ उच्चार झाकला जातो आणि अपरिचित वाचक तेथे संस्कृत ‘जन’ वाचण्याचा संभव असतो. अक्षरबदलाने बोली हुबेहूब उतरते, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

याउलट व्याकरणिक रूपे लिपीत निभावतात. ‘काय करायलास?’, ‘पाऊस यायलाय’ ही मराठवाड्यातील चालू काळाची रूपे छापताना काहीही गमावीत नाहीत. प्रदेश, वय व आपलेपणा ती एकदम सांगतात. केवळ मोडक्या अक्षरांवर विसंबणारा लेखक मात्र नकळत पक्षपात करतो. नागर पात्रही बोलताना अक्षरे गिळते. त्याचे लेखन मात्र ‘शुद्ध’ राहते आणि ग्रामीण पात्राचेच तेवढे ‘अशुद्ध’ छापले जाते. अशा वेळी आवाजाची जागा व्यंगचित्र घेते.

आवाज कोण ऐकतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीत संवाद वऱ्हाडीत आहेत, तर निवेदन बव्हंशी प्रमाण मराठीच्या वळणाचे आहे. असा तृतीयपुरुषी निवेदक कौतिकचा आवाज बाहेरून ऐकू शकतो. तो दाटला की चढला, हे सांगण्याचा अधिकार त्याला असतो. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (1971) मध्ये ही सोय नाही. तेथे शिंप्याची बायको पार्वती स्वतःच बोलीत निवेदन करते. स्वतःचा आवाज कसा आहे, हे माणूस सहसा सांगत नाही. त्यामुळे तिची भीती, तिचा त्रागा व तिचे सोसणे वाक्यांच्या लांबीतून, पुनरुक्तीतून आणि अर्ध्यावर सोडलेल्या बोलण्यातून ऐकू यावे लागते. इतरांचे आवाज मात्र तिच्या कानातून येतात. नवऱ्याच्या बोलण्यातील धार वाचक तिच्या धास्तीसह ऐकतो. येथे बोली संवादाचा अलंकार न राहता निवेदनाचा अधिकार बनते. बोली बोलणाऱ्या स्त्रीकडे संपूर्ण कादंबरी सांगण्याची सत्ता येते, हे या निवडीचे मोल होय.

सारांश, पात्राचा आवाज तपासताना तीन प्रश्न विचारावयास हवेत : विशेषण काढून टाकल्यावर आवाज उरतो काय? बोलीची रूपे घडणीतून आली आहेत की केवळ अक्षरबदलातून? आणि तो आवाज कोणाच्या कानातून ऐकू येतो? वर्गात उतारा मोठ्याने वाचून घेतल्यास यांतील पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल बहुधा तेथेच लागतो. विशेषतः ती बोली घरी बोलणारा विद्यार्थी वाचू लागला, म्हणजे लिपीने झाकलेला ‘ज’ही आपल्या मूळ उच्चारासह परत येतो.