मांजरा उत्तरेकडे वळते तेव्हा

देगलूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात. भिंतीवर नकाशा आहे, कोपऱ्यात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. वीज असली की टीव्ही चालतो, रेंज मात्र शाळेमागच्या लिंबाखालीच मिळते. त्यामुळे दाखवायचं ते आदल्या रात्री घरी तयार करून पेनड्राइव्हवर आणावं लागतं.

नद्यांच्या पाठाला मी टीव्ही आधी लावला नाही. लातूरकडून येणारी मांजरा पुढे कुठे जाते, ते पाटीवर काढायला सांगितलं. बहुतेकांनी पूर्वेकडे सरळ रेघ ओढली. ती तेलंगणात जाऊन उत्तरेकडे वळते आणि आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून जाऊन गोदावरीला मिळते, असं सांगितल्यावर एक मुलगा भिंतीकडे बोट करून म्हणाला, "सर, पाणी वर कसं चढंल?"

या प्रश्नावर थांबायलाच हवं होतं. भिंतीवरच्या नकाशात उत्तर दिशा नेहमी वर असते. शेतात दारं धरणाऱ्या पोराला पाणी उताराकडेच धावतं हे पक्कं ठाऊक असतं. त्याच्या अनुभवाशी नकाशा भांडत होता, आणि तोच नकाशा मोठ्या पडद्यावर दाखवून ते भांडण मिटलं नसतं. मला जमिनीची उंची दाखवणारं साधन हवं होतं.

ते गुगल अर्थमध्ये आहे. नदीच्या पात्रावर जाऊन थांबलं की त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची कोपऱ्यात दिसते. रात्री बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरापासून निघून धनेगावचं धरण, लातूर, बीदर असा थेट गोदावरीच्या संगमापर्यंत प्रवास केला आणि स्क्रीन रेकॉर्ड करत गेलो. पृथ्वीचा गोळा गरगर फिरतो तो भाग काढून टाकला. मुलांना तो फार आवडतो, पण मग नदी मागे पडते.

वर्गात प्रत्येक मुक्कामाला चित्र थांबवलं आणि एकेका मुलाने उंची फळ्यावर लिहिली. सिंगूर धरणापाशी 520 मीटरच्या आसपास, निझामसागरापाशी 430 च्या जवळ, कंदकुर्तीच्या संगमावर 350 च्या आतबाहेर. आकडे उतरत होते आणि नदी नकाशात वर वर येत होती. पोरं एकदा फळ्याकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिली. मग मागच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "आवं सर, नदी उलटी आपल्याकडंच यायली की!" नकाशा खिळ्यावरून काढून जमिनीवर आडवा पसरायला तिनेच सांगितलं. जमिनीवर ठेवल्यावर त्यात वर-खाली काही उरलंच नाही. देगलूरची लेंडी मांजरेला कुठे मिळते, ते मग पोरांनी गुडघ्यांवर बसून स्वतः शोधलं.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि 2017 साली आलेलं दीक्षा ॲप मीही वापरतो. उजळणीला ते उपयोगी पडतात. पण व्हिडिओ सलग सोडला की वर्ग गप्प होतो, आणि ती शांतता म्हणजे समजणं असं मी मानत नाही. आधी घरी पाहून तो कुठे थांबवायचा हे ठरवून घेतो.

भाषेच्या तासाला मला सगळ्यात जास्त फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर लागतो. आमच्या सीमाभागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. तेलुगूत पुस्तक, वही, पेन यांना मराठीसारखं वेगवेगळं लिंग नसतं, म्हणून मुलं सहज "माझा वही" म्हणून जातात. मी मध्येच दुरुस्त केलं की मूल बोलायचंच थांबतं. त्याचंच बोलणं रेकॉर्ड करून त्याला ऐकवलं तर कितीदा तरी ते स्वतःच मान हलवतं आणि पुन्हा बोलतं. यासाठी इंटरनेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही. नवीन ॲप कोणी सुचवलं की मी हेच विचारतो: यात मूल काय करणार? ते नुसतं बघणार असेल तर मला घाई नसते.

उत्तरं तपासायला प्लिकर्सची छापील कार्डं आहेत. मूल आपल्या उत्तराप्रमाणे कार्ड फिरवून धरतं आणि फोनचा कॅमेरा ती कार्डं वाचतो, म्हणून फोन माझ्या एकट्याकडे असला तरी पुरतो. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त वर्गाने चतुर्थांश निवडला, कारण चार तिनापेक्षा मोठे. तोंडी विचारलं असतं तर दोन हुशार मुलांनी उत्तर दिलं असतं आणि मी पुढे गेलो असतो. फोन खिशात ठेवला आणि उरलेला तास कागदाच्या पट्ट्या दुमडण्यात घालवला.

मांजरेची फाईल कंधारच्या एका शिक्षकमित्राने मागितली. पाठवली, पण सोबत सांगितलं की तुझ्या पोरांची नदी मन्याड आहे. तीही मांजरेलाच मिळते. तिथून सुरुवात करून नवं रेकॉर्डिंग कर आणि उंचीचे आकडे पोरांकडूनच लिहून घे.