गाव जळालं, संघ उरला: पॅरडाइजची गोष्ट

आज एका शाळेच्या फुटबॉल संघाविषयी बोलायचं आहे. आधी एक खुलासा करतो. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. हा अमेरिकेतला फुटबॉल. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं. तिकडच्या लहान गावांत हंगामभर शुक्रवारी संध्याकाळी शाळांचे सामने होतात आणि मैदानावर सगळं गाव जमतं. आपल्याकडच्या जत्रेसारखंच म्हणा ना; फक्त ही जत्रा दर आठवड्याला.

उत्तर कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पॅरडाइज नावाचं गाव आहे. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या २६ हजारांच्या पुढे. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, मधल्या उंच पट्ट्यावर पाइनच्या झाडीत वसलेली घरं. निवृत्तीनंतर येऊन राहिलेली म्हातारी माणसं पुष्कळ. आणि गावातून खाली उतरायला मोजकेच रस्ते. हे रस्ते लक्षात ठेवा.

८ नोव्हेंबर २०१८, गुरुवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास जवळच्या डोंगरात आग लागली. विजेच्या उच्चदाब वाहिनीचा एक जुना, झिजलेला आकडा तुटला, ठिणग्या पडल्या. पाऊस लांबलेला, गवत वाळून कोळ झालेलं, त्यात सोसाट्याचा वारा. आगीचा वेग सांगताना तिथल्या लोकांनी मापही फुटबॉलचंच वापरलं: सेकंदाला एक मैदान! दीड-दोन तासांत आग गावात शिरली. रस्ते गाड्यांनी तुंबले. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. ही आग ‘कॅम्प फायर’ म्हणून ओळखली जाते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, पॅरडाइज हायस्कूलच्या ‘बॉबकॅट्स’ संघाचा बाद फेरीचा सामना होता, रेड ब्लफच्या संघाशी. तो त्यांना सोडून द्यावा लागला. खेळणार कोण? मुलं वाट फुटेल तिकडे गेली होती. कुणी नातेवाइकांकडे, कुणी मोटेलमध्ये, कुणी तंबूत.

आता मुद्द्याकडे येऊ. आपत्तीत घर जातं, सामान जातं, ते आपल्याला दिसतं. पण आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे दिनक्रम. सकाळी कुठे जायचं, दुपारी कुणाला भेटायचं, आपण आलो नाही तर कोण विचारणार, हे सगळं एका दिवसात पुसलं जातं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे फार जाचतं. आईबाप विम्याचे कागद, भाड्याची जागा, नोकरी यांच्या मागे. घरातली माणसंच खचलेली. अशा वेळी तो बोलणार कुणाशी?

गंमत बघा, शाळेची मुख्य इमारत जवळपास शाबूत होती. पण भोवतीचं गावच नव्हतं. गावाच्या जलवाहिन्यांत बेंझिन हे विषारी रसायन उतरलं होतं. म्हणून शाळा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या चिको शहरात, विमानतळाजवळच्या एका कार्यालयीन इमारतीत भरू लागली. संघाचा सरावही तिथेच, शेजारच्या ओबडधोबड माळावर.

प्रशिक्षक होते रिक प्रिन्झ. ते निवृत्तीच्या विचारात होते. आगीनंतर त्यांनी तो बेत रद्द केला. संघातल्या बहुतेक सगळ्यांची घरं जळालेली. कितीतरी खेळाडू दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळांत गेले. जे उरले ते लांबलांबून गाडी चालवत सरावाला यायचे. तिथे काय मिळत होतं? ठरलेली वेळ, ओळखीचे चेहरे आणि हजेरी. एखादा आला नाही तर दुसरा फोन करायचा. शिवाय तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. शेजारच्या मुलानेही तेच पाहिलेलं. संघ एक झाला असं आपण म्हणतो, ते असं, रोजच्या सरावातून.

२०१९च्या ऑगस्टमध्ये शाळा गावात परतली. २३ ऑगस्टला, शुक्रवारीच, घरच्या मैदानावर पहिला सामना, विल्यम्सच्या संघाशी. गावात तेव्हा जेवढी माणसं राहत होती, त्याहून जास्त माणसं मैदानावर आली. पांगलेले शेजारी नऊ-साडेनऊ महिन्यांनी एकमेकांना तिथे भेटले. बॉबकॅट्सनी ४२-० असा विजय मिळवला. त्या हंगामात संघ एकामागून एक सामने जिंकत विभागीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे मात्र हरला.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण सर, खेळून घर थोडंच परत मिळतं?)

अगदी बरोबर विचारलंत. नाही मिळत. २०२०च्या जनगणनेत गावात पाच हजारांपेक्षाही कमी माणसं होती. सामना जिंकल्याने पाणी शुद्ध झालं नाही, गेलेली माणसं आली नाहीत. आणि या गोष्टीत एक धोकाही आहे. ‘मुलांनी जिद्दीने राखेतून गाव उभं केलं’ असं आपण कौतुकाने म्हणतो आणि आग का लागली ते विसरतो. ती वाहिनी ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ या वीज कंपनीची. २०२० साली कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले. वाहिनीची देखभाल वेळेवर करणं हे काही त्या मुलांच्या हातात नव्हतं. जबाबदारी ज्याची त्याच्यावरच राहिली पाहिजे.

मग संघाने काय केलं? गाव परत बांधायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर गावातली माणसं एकमेकांना धरून राहायला हवीत, त्यांना भेटायला एक जागा हवी. ती जागा या मुलांनी चालू ठेवली. म्हणून कुठेही आपत्ती आली की तंबू, धान्य, औषधं यांच्या यादीत मी आणखी एक ओळ घालीन: शाळेचा वर्ग, खेळाचा सराव, भजनी मंडळ, जे काही ठरल्या वेळी भरत होतं ते लवकरात लवकर पुन्हा भरवा. मोडक्यातोडक्या जागेत का होईना.

इथे थांबतो.