वॉर्डन रोडवरची भिंत

आमच्या ताईची अकरावीची एस.एस.सी. 1971 साली झाली. गुण उत्तम. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सोफिया कॉलेजचे नाव सुचवले. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि त्या गेल्यावर एवढेच म्हणाले, ‘‘तिथे ननबाया बाटवतात.’’ गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत तो विषय पुन्हा निघाला नाही.

वॉर्डन रोडचा भुलाभाई देसाई रोड झाला तरी आमच्या पिढीच्या तोंडी जुनेच नाव राहिले. त्या रस्त्यावरून बसने जाताना सोफियाची भिंत दिसे. आत काय चालते, याविषयी आमच्या चाळीत अनेक कथा होत्या. कॉलेज पाहिलेले मात्र कुणीच नव्हते.

पुढे वाचनाच्या नादात या कॉलेजचा इतिहास हाती लागला. ते चालवणाऱ्या ‘सेक्रेड हार्ट’ या संघाची स्थापना 1800 साली फ्रान्समध्ये मादलेन सोफी बारा यांनी केली. त्यांचे वडील लाकडी पिंपे बनवणारे कारागीर. अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या लुई या भावाने बहिणीला घरीच लॅटिन, ग्रीक आणि गणित शिकवले. मुलींना ही विद्या मिळत नसे, तो काळ. भावाकडून मिळालेले हे धन सोफीबाईंनी पुढे मुलींच्या शाळांमधून वाटले.

संघाच्या भगिनी मुंबईत आल्या आणि 1940 च्या दशकाच्या आरंभी सोफिया उभे राहिले. त्याच्या आवारातले सॉमरसेट हाउस हे एकेकाळी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींचे घर. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे हे अध्यक्ष पडद्याचे विरोधक होते आणि स्वतःच्या मुलींना त्यांनी शाळेत घातले होते. वास्तूलाही पूर्वपुण्याई असते म्हणायची!

विल्सन, एल्फिन्स्टनमध्ये मुली शिकत होत्याच. पण मुलांच्या शेजारी आपली मुलगी बसवायला तयार नसलेली घरे मुंबईत पुष्कळ होती. अशा हिंदू, मुसलमान, पारशी घरांना ‘फक्त मुलींचे’ हे दोन शब्द पुरेसे झाले. जी भिंत पाहून अण्णा बिचकले, तिच्याच भरवशावर दुसऱ्या कुणा अण्णांनी आपली लेक पदवीपर्यंत जाऊ दिली. गंमत अशी की, भिंतीआडच्या नियमाने खरोखर बांधलेल्या होत्या त्या शिकवणाऱ्या भगिनीच. बाहेर मोकळेपणी वावरण्यावरचे त्यांचे निर्बंध 1964 साली उठले.

अण्णांना मी दोष देत नाही. धर्माची भीती खरी होती, पण तिच्यामागे फीची भीतीही उभी होती. ती बोलून दाखवणे त्यांना कमीपणाचे वाटले असावे. ताई टायपिंग शिकली, नोकरीला लागली. माझ्या कॉलेजची फी तिच्या पगारातून गेली. त्या पदवीवर मी बँकेत अधिकारी झालो. लुईने बहिणीला शिकवले. आमच्या घरी बहिणीने भावाला शिकवले. तीस वर्षे मी लोकांच्या कर्जाचे हिशेब तपासले, पण या एका खात्याकडे पाहायचे धाडस झाले नाही.

2009 साली माझ्या मुलीला सोफियात प्रवेश मिळाला. ताई हट्टाने बरोबर आली. फाटकातून आत शिरल्यावर ती बराच वेळ झाडांकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘एवढंच होतं होय रे आत?’’

फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा होती. मी पेन काढले, क्षणभर थांबलो आणि ते ताईच्या हाती दिले. तिने आधी चष्मा पुसला. मग टायपिस्टच्या शिस्तीने, ओळ न सोडता, आपले पूर्ण नाव लिहिले.