गाडी ओढत नाही (भाग ५) : टाकीचं झाकण

या आठवड्यात इंजेक्टर उघडायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. देवगड तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते इतकं नेमकं आहे, की त्याला रांगेत उभं करणं बरं दिसत नाही. आंब्याच्या पेट्या भरून ते पिकअप फोंडा घाटानं कोल्हापूरला नेतात. लिहितात : ‘‘रिकामी गाडी झकास. भरलेलीही सपाटीला झकास. घाट लागला की पहिली काही वळणं नीट घेते, मग दम टाकते. दुसऱ्या गिअरात, पाय पूर्ण दाबलेला, तरी बसत जाते. बाजूला घेऊन चहा होईपर्यंत थांबलं की पुन्हा पहिल्यासारखी. धूर अजिबात नाही. स्कॅनरवर पी-००८७ येतो. मिस्त्री हाय प्रेशर पंप बदला म्हणतो. बदलू का?’’

नका बदलू. निदान एवढ्यात तरी नको.

पी-००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. का कमी, हे स्कॅनर सांगत नाही. ते पत्रातल्या ‘धूर अजिबात नाही’ या शब्दांत आहे. मागच्या वेळी हवेची बाजू पाहिली तेव्हा काळ्या धुराबद्दल बरंच बोललो होतो. इथे तो नाही, म्हणजे येतंय तेवढं डिझेल नीट जळतंय, येतंच कमी. क्लच सुटत असता तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि गाडी मागे राहिली असती. ब्रेक चिकटत असते तर सपाटीलाही जाणवलं असतं, ड्रमला हात लावता आला नसता. राहिली डिझेलची वाट. बहुतेक मिस्त्री ती वाट पंपापासून पुढे तपासतात. मी टाकीपासून सुरू करतो.

कॉमन रेलमध्ये १६०० बारचा दाब असतो, याचं सगळ्यांना कौतुक. पण ज्या गाड्यांच्या टाकीत विजेवरचा पंप नसतो, तिथे इंजिनाजवळचा फीड पंप फक्त पाईपातला दाब कमी करतो. डिझेल वर ढकलते ती टाकीत डिझेलवर दाबून बसलेली साधी हवा, आणि तिचा दाब उणापुरा १ बार. पुढचे १६०० बार या एका बारच्या जिवावर. म्हणून टाकीतून जेवढं डिझेल गेलं तेवढी हवा आत यायलाच हवी, आणि ती येते झाकणातल्या बारीक झडपेतून किंवा टाकीच्या ब्रीदर नळीतून.

आता आपल्याकडची झाकणं आठवा. लाल मातीनं झडप लिंपलेली. मूळ झाकण हरवलं म्हणून दुकानातून आणलेलं, झडप नसलेलं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली घट्ट बसवलेली प्लॅस्टिकची पिशवी! सपाटीला यातलं काहीच कळत नाही. घाटात पाय पूर्ण दाबला की रिटर्ननं परत येणारं वजा जाऊनही डिझेल भराभर संपतं, टाकीत पोकळी होते आणि पंप उपाशी राहतो. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा शिरते, गाडी सुधारते.

तेव्हा पुढच्या खेपेला गाडी बसली की सुरक्षित जागी थांबून लगेच झाकण फिरवा. आत हवा ओढल्याचा ‘स्स्स’ आवाज आला आणि गाडी तत्काळ सुधारली, तर नवं झाकण घ्या, पंपाला हात लावू नका.

आवाज आला नाही, तर टाकीतली जाळी. डिझेल पाण्यापेक्षा हलकं. शिरलेलं पाणी तळाशी बसतं आणि दोघांच्या सीमेवर जंतू वाढतात. कोकणातल्या दमट हवेत, अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली तर हमखास. जाळीवर काळपट, बुळबुळीत थर जमतो, बोटानं पुसला तर लांबतो. इंजिन जोरात ओढतं तेव्हा तळातला गाळही येऊन जाळीला चिकटतो. बंद केलं की गळून पडतो. तुमचा चहा होईपर्यंत घडतं ते हेच. काही चालक फिल्टरकडून पाईपात उलटी हवा मारतात आणि चार दिवस गाडी पळते. त्यातून दोष कुठे आहे ते कळतं, पण गाळ टाकीतच राहतो. टाकी उतरवून धुवायचा कंटाळा करू नका. डिझेल फिल्टर त्याच दिवशी बदला, आणि घरच्या पिंपातलं डिझेल कापडातून गाळून ओतायचं बंद करा. कापडातून पाणी आरामात जातं, वर कापडाचे तंतू जातात.

तिसरी शक्यता सर्वांत लबाड. टाकी ते फीड पंप या पाईपाला भेग असली, तर जमिनीवर डिझेलचा थेंबही पडत नाही. शहाळ्याच्या नळीला चीर असली की पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच. सकाळी सुरू व्हायला गाडी कुरकुरते, टाकी अर्ध्याखाली गेली की जास्त त्रास देते. फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी जोडा आणि इंजिन चढवून बुडबुडे पाहा. बरेचदा दोषी निघतो तो फिल्टरवरच्या बँजो बोल्टचा जुनाच पुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर.

एवढं करूनही पंपावरचा संशय जात नसेल, तर गॅरेजमध्येच, मोकळ्या जागी, स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून इंजिन चालवून पाहायला सांगा. ओढणारी नळी आणि रिटर्न, दोन्ही कॅनमध्ये. स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी ठेवून इंजिन चढवा. कॅनवर दोन्ही जुळले तर दोष मागे टाकीकडे. कॅनवरही तुटत असेल, तर मिस्त्रींचं म्हणणं ऐकायची वेळ आली.

देवगडकर, झाकणाचा आवाज आला की नाही, तेवढं नक्की कळवा. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यासाठी एकाच मापाच्या चार पारदर्शक बाटल्या जमवून ठेवा. इंजेक्टरचा रिटर्न मोजायचा आहे.