हिरवा पेला : घ्या, पण डोळसपणे

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप बदलली आहे. तेव्हापासून रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी रोज चालू आहे. गुरुजी शिस्तीचे, गोळी कधी चुकवत नाहीत. तरीही तपासणीत रक्ताचा ‘आयएनआर’ हवा होता अडीच ते साडेतीन, आणि आला दीड. म्हणजे झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याची भीती!

“गुरुजी, खाण्यापिण्यात काही बदल?”

“छे हो, डॉक्टरसाहेब. उलट सुधारणाच केली. मुलाने मोबाइलवर दाखवले, तेव्हापासून रोज सकाळी दोन पेले पालकाचा रस घेतो.”

चोर सापडला. पालकात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफॅरिनच्या नेमके उलट काम करते. गुरुजींना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, गोळीचे प्रमाण नीट बसवून घेतले, आणि सुदैवाने काही अघटित झाले नाही. पण त्या प्रसंगाने हा लेख लिहायला लावले.

हिरवा रस वाईट का? मुळीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते मोठ्या माणसाने रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी खावी. आपल्यापैकी कितीजण खातात? ज्यांच्या घशाखाली भाजी उतरत नाही, त्यांच्यासाठी हा पेला चांगली सोय आहे. फक्त तो औषध नव्हे, पातळ केलेली भाजी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

कसा करावा?

दोन पेल्यांसाठी निवडलेला पालक एक मूठ, पुदिन्याची आठ-दहा पाने, कोथिंबिरीच्या तीन-चार काड्या, अर्धी काकडी, अर्धा आवळा (नसेल तर अर्धे लिंबू), आल्याचा लहान तुकडा, चिमूटभर जिरेपूड आणि दीड पेला पातळ ताक घ्यावे. मीठ नावापुरते. रक्तदाब असणाऱ्यांनी तेही टाळावे.

भाजी आधी निवडून वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवावी. पालेभाजी कधी कधी सांडपाण्यावर पिकवलेली असते, आणि कच्च्या पानांवाटे आव, जंत, कावीळ घरात येते. म्हणून पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून काढावा व ते पाणी टाकून द्यावे. त्याने बहुतेक जंतू मरतात आणि पालकातले ऑक्सलेटही बरेच कमी होते. उकळण्यात थोडे ‘क’ जीवनसत्त्व जाते, पण आवळा ते भरून काढतो. पुदिना आणि कोथिंबीर कच्चीच जाणार, म्हणून त्यांच्या धुण्यात कसूर नको. काकडीचा तुकडा आधी चाखावा. कडू लागली तर टाकून द्यावी.

सगळे मिक्सरमधून बारीक करावे. गाळू नये. गाळणीत जो चोथा राहतो, तोच पोट साफ ठेवतो आणि साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. ताक घालण्यालाही कारण आहे : त्यातले कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच धरून ठेवते. साखर, गूळ, मध यांतले काही घालू नये. केल्यावर लगेच प्यावे, सकाळचे संध्याकाळी नको. एका वेळी एक पेला पुरे, आणि आठवड्यातून तीन-चारदा. पालक दरवेळी नको; कधी राजगिऱ्याऐवजी मेथीची कोवळी पाने, कधी नुसता पुदिना-कोथिंबीर.

दुधीच्या रसाविषयी

दुधीचा रस पिणाऱ्यांना हात जोडून एक सांगणे. दुधी कधी कधी कडू निघतो. त्यातले कडू द्रव्य विषारी असते, शिजवूनही जात नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला सोपा आहे : आधी तुकडा चाखा, कडू असेल तर फेका, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, कारण त्याने कडूपणा झाकला जातो. ‘कडू तेवढे गुणकारी’ हा नियम इथे चालत नाही. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ किंवा उलटीत रक्त दिसले, तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे. यावर उतारा नाही, पण वेळेवर सलाईन आणि उपचार मिळाले तर जीव वाचतो.

कोणी विचारूनच घ्यावा?

मूतखडा होऊन गेलेल्यांनी पालकाचा रस टाळावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना पोटॅशियम आणि ऑक्सलेट दोन्ही जड जातात. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊच नये. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नाही. मात्र ती रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावी, एकदम वाढवू वा सोडू नये. मधुमेहींनी त्यात केळे, चिकू, आंबा घालू नये आणि रसाच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत.

माझ्याकडे येणाऱ्या कित्येक भगिनी विचारतात, “याने रक्त वाढेल ना?” ताई, पालकातले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. हिमोग्लोबिन आठ असेल तर ते पेल्याने भरून येणार नाही; लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील, आणि जेवणालगतचा चहा सोडावा लागेल.

गुरुजींचा आयएनआर आता ठीक आहे. ताटात भाजीची एक वाटी ठरलेली असते, रस बंद. परवा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आयुष्यभर मुलांना सांगत आलो, शंका आली की विचारा. मीच विचारायला विसरलो.” वाचकांनी मात्र विसरू नये. नवा काही आहार सुरू करण्याआधी आपली गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांना एकदा भेटावे.