धरणातला ‘ध’

अंकलिपीतील धनुष्य भंडारदऱ्याच्या बालकास चित्रातच भेटते; धरण, धबधबा आणि धुके मात्र दारातच असतात. तेव्हा ‘ध’चा आरंभ तेथूनच करणे श्रेयस्कर. अंगणात मातीचा बांध घालावा, पाणी अडवावे, मग वाट करून रंधा धबधबा वाहवावा. १९२६ साली पूर्ण झालेले प्रवरेवरील धरण असे मुलांच्या हाती येते. त्याच ओल्या मातीत बोटाने अक्षर गिरवावे.

खरी अडचण ‘घ’ची. घाटघरच्या ‘घ’वर शिरोरेषा सलग असते, ‘ध’वर ती डावीकडे मोकळी, मुले नेमकी येथेच फसतात. ती मोकळी जागा म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, असे सांगितल्यास ध्यानात राहते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाचे साधन मानले. पाटी-पेन्सिलीची घाई मात्र नको. तीन वर्षांच्या बोटांस ती झेपत नाही.