टकळीपासून ‘खेळू, करू, शिकू’पर्यंत

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला, संगीत, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे तास बहुधा दुपारच्या सुट्टीनंतर असतात. परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्यांचाच. गणिताच्या बाई येऊन सांगतात, ‘आजचा चित्रकलेचा तास मी घेते,’ आणि फळ्यावर भागाकार चढतो. याच महाराष्ट्रात कधीकाळी हस्तोद्योगाला रोज ३ तास २० मिनिटं आणि मातृभाषेला ४० मिनिटं देणारं वेळापत्रक आखलं गेलं होतं, हे आज सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

ते वेळापत्रक वर्ध्याचं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली आणि समितीने सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या, मातृभाषेतल्या शिक्षणाचा आराखडा मांडला. शाळा साडेपाच तासांची. मूलोद्योग (म्हणजे हा हस्तोद्योग) आणि मातृभाषा सोडून उरलेल्या वेळात संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३०, शारीरिक शिक्षणाला १० आणि सुट्टीला १०. (दहा मिनिटांच्या सुट्टीत मुलं खेळणार काय, हे समितीत कुणी विचारलं नसावं.) गणिताला गाण्याच्या आणि चित्राच्या शेजारी बसवणारी ही मंडळी आजच्या पालकसभेत टिकली नसती.

मूलोद्योगांत कताईचा मान मोठा. धाकट्या मुलांच्या हाती चरखा नव्हे, टकळी. वीतभर सळई, तिच्या खालच्या अंगाला चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकवायला खाच. डाव्या हाताच्या चिमटीत कापसाचा पेळू धरायचा, उजव्या हाताने टकळीला फिरकी द्यायची आणि पेळूचा हात हळूहळू वर न्यायचा. ओढ जास्त झाली की सूत तुटतं, पीळ कमी पडला की सुटतं. हे फळ्यावर कितीही समजावलं तरी उपयोग नाही, बोटांनाच कळावं लागतं. मग मोजणी सुरू होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी. गुंडी उलगडली तर सूत भरेल २,५६० फूट. काल किती तार झाले, आज किती, पेळूतला कापूस किती वाया गेला, वर्गाची सरासरी काय, अशी गणितं मुलाच्या मांडीवरच तयार होतात. त्याच कापसाच्या धाग्याने काळी माती, पाऊस, गिरण्या आणि इंग्रजांचा व्यापार इथवर जाता येतं. या पद्धतीला नाव होतं समवाय. उद्योग हा अभ्यासाच्या जोडीचा विषय नव्हताच. बाकीचे विषय त्यातून निघायचे.

गांधीजींचा आग्रह याच्याही पुढचा होता. मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, असं त्यांना वाटे. परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी या स्वावलंबनाला हरकत घेतली. शाळांचा माल बाजारात आला तर तो पोटासाठी राबणाऱ्या कारागिरांशी स्पर्धा करील, असं त्यांचं म्हणणं. मला ही हरकत रास्त वाटते. पगार गुंड्यांवर ठरू लागला तर मास्तरांचं लक्ष मुलाकडे राहील की गुंडीकडे?

ही योजना राबवायला १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची शाळा आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने उभी केली. दोघंही शांतिनिकेतनात राहून आलेली, त्यामुळे सुताच्या जोडीला रंग आणि सूरही आले. १९४४ मध्ये शांतिनिकेतनातच शिकलेले चित्रकार देवी प्रसाद सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. मुलांच्या कलेवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं.

स्वातंत्र्यानंतर वर्ध्याची ही योजना, म्हणजे ‘नई तालीम’, सरकारी धोरण झाली आणि तिथेच तिचा जीव गेला. टकळ्या कपाटात, अहवाल वेळेवर. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ आणला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवलं. हाताचं काम मधल्या काळात मुख्य आसनावरून उठून एका तासिकेत येऊन बसलं होतं.

तरी सगळंच वाया गेलं, असं म्हणवत नाही. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक खेळ, कार्यानुभव आणि कला यांना एकत्र आणतं. कल्पना चांगली आहे, पण पुस्तक वर्गात शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. मात्र ती सहावी ते आठवीसाठी, आणि पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला ती नाही. दोनशिक्षकी शाळेत गाणं येणारे गुरुजी बदलीने आले तर गाणं, क्रिकेटवेडे आले तर क्रिकेट.

निदेशक नेमले म्हणजे काम झालं, असंही नाही. आठवड्यातून एकदा येऊन कागदी फुलं करून घेणाऱ्या सरांचा वर्गशिक्षिकेच्या गणिताशी काही संबंध नसेल, तर ती फुलं नुसती भिंतीवर लागतात. २००५ मध्ये सेवाग्रामला नई तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ ही मराठी शाळा सुरू केली. तिथे बागेतलं, स्वयंपाकातलं आणि शिवणाचं काम अभ्यासाशी जोडलं जातं. असं जोडणं पगारापेक्षा वेळ मागतं, आणि वेळ देणं मुख्याध्यापकांच्या हातात असतं.

पालकांच्याही हातात असतं. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणून पुढच्या सभेला जाल तेव्हा मध्यान्ह भोजन आणि पत्रे गळण्याचा विषय संपल्यावर वेळापत्रक मागवून घ्या, आणि गेल्या महिन्यात चित्रकलेचे, खेळाचे, कार्यानुभवाचे किती तास खरोखर झाले, एवढं विचारा.